तू पुसला, मी लिवला

१

फाइल सकाळी साडेआठला होती आणि अकराला नव्हती. एवढंच असतं तर कोणाला काही वाटलं नसतं. संगणकावरच्या फाइली येतात आणि जातात. पण ही फाइल ज्याची होती तो देवजी मढवी डिसेंबरात वारला होता, आणि ती परत आणून ठेवणारा तोच आहे असं अख्ख्या कचेरीचं मत होतं.

सरोजिनी हिवराळे वाशीच्या सेक्टर सतरात बसमधून उतरल्या तेव्हा फेब्रुवारी सत्त्याऐंशीचा एक कोरडा गुरुवार होता. ‘अचूक संगणन सेवा’ ही कचेरी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. आजूबाजूला नुसते खांब, त्यांतून बाहेर आलेल्या गंजक्या सळया आणि खाडीवरून येणारा खारट वारा. सरोजिनीबाई फोर्टच्या मुख्य कचेरीत कामाच्या पद्धती ठरवणाऱ्या अधिकारी. त्याआधी औरंगाबादला कॉलेजात गणित शिकवायच्या, आणि खेळांचं गणित हा त्यांचा लाडका विषय. दोन माणसं एकमेकांचं मन न जाणता डाव टाकतात तेव्हा काय होतं, यावर त्या जेवण विसरून बोलू शकत. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात वाढलेल्या बाईला भुतं परवडत नाहीत, असं त्या म्हणत.

यंत्राच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून दाराशीच चपलांची मांडणी होती. बाईंनी आपल्या चपला ठेवल्या आणि शेजारी पाहिलं. करड्या रंगाचा एक पुरुषी जोड धूळ खात पडला होता. बाकी सगळ्यांच्या चपलांची तोंडं भिंतीकडे होती, याची तेवढी बाहेर, जिन्याकडे.

“त्यांना हात लावू नका, बाय,” मागून आवाज आला. “देवजीच्या हायेत. त्या दिवशी कारखान्याचं बूट घालून गेला, आनि ह्या राहिल्या. संध्याकाळी मी भिंतीकडं करून ठेवते. सकाळी येते तर परत दाराकडं झालेल्या.”

बोलणारी भागीरथी भोईर. इथेच वाशी गावातली, आकडे आणि मजकूर टंकणारी. सकाळी सगळ्यांत आधी येऊन यंत्र सुरू करायचं काम तिचं, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर तिचा पाय सगळ्यांत आधी निघायचा. तिने बाईंना पडद्यासमोर नेलं आणि सकाळी कागदावर उतरवून ठेवलेली ओळ दाखवली. हिरव्या इंग्रजी अक्षरांत आलेली, पण भाषा घणसोली गावची:

तू पुसला, मी लिवला.

“ही दर सकाळी येते. वाचली की मी तोंड फिरवून बसते. आज तुमी येनार म्हनून धीर करून बगितलं तर त्याची फाइल यादीत होती. आता बगा.”

बाईंनी यादी काढली. ‘गजर’ नावाची फाइल नव्हती.

२

प्रकरण साधं होतं, निदान कागदावर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यासाठी देवजीने धोक्याच्या भोंग्याचा प्रोग्राम लिहिला होता. हवेत विषारी वायू ठरावीक आकड्याच्या वर गेला की भोंगा वाजायचा. डिसेंबरात एका दुपारी वायू सुटला आणि भोंगा वाजलाच नाही. घणसोलीचे दोन मजूर गेले, गोटीराम आणि त्याचा चुलतभाऊ. देवजी नेमका तेव्हाच तिथे पोचला होता. त्यांना ओढून काढायला आत धावला आणि तोही गेला.

“प्रोग्रामच चुकीचा होता, दुसरं काय?” केंद्राचे मॅनेजर कारखानीस म्हणाले. केस नीट विंचरलेले, टाय नीट बांधलेला, आणि डोळ्यांखाली मात्र रात्र रात्र झोप नसल्याच्या खुणा. “बिचारा आपल्याच चुकीने गेला. मला कारखान्याला शनिवारी दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय. फाइल सापडत नाही, लिहिणारा हयात नाही, विषय संपला. आणि शनिवारीच मी डिस्क पूर्ण साफ करून घेतोय. या यंत्राचं मला भारी टेन्शन आलंय, मॅडम.”

“नंतर काही बदल झाला होता का प्रोग्राममध्ये?”

“एकदा. थोडाही वायू सुटला तरी भोंगा वाजायचा, म्हणून आकडा जरा वाढवून मागितला होता कारखान्याने. रजिस्टरमध्ये आहे. तुमच्या नियमाप्रमाणे दोन सह्या आहेत.”

भिंतीवर काचेच्या चौकटीत ते परिपत्रक टांगलेलं होतं. प्रत्येक बदल दोघांनी वाचावा, दोघांनी सही करावी. खाली सही स. हिवराळे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काढलेला हा नियम साऱ्या शाखांमध्ये गाजला होता. त्यापूर्वी एकटा देवजी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायचा, आणि तपासणी एका माणसावर सोडणं बाईंना धोक्याचं वाटलं होतं. आपलं परिपत्रक अजून भिंतीवर आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. रजिस्टरमध्ये बदल क्रमांक एकेचाळीस. टंकन भागीरथीचं, तपासणी कारखानीसांची आणि मारोती खिल्लारेची. दोन स्वच्छ सह्या. म्हणजे त्या बाजूला पाहायचं कारण नाही, असं म्हणून बाईंनी पान उलटलं.

मारोती हा देवजीचा जिवलग. परभणीकडचा, वयाने तिशीचा, दोघे एकाच डब्यातून जेवायचे. बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो कागदावरून बघून भराभर टंकत होता.

“नवीन काम?”

“न्हाई… म्हणजे हो. कळंबोलीच्या लोखंडबाजाराचं. दर मंगळवारी तिकडंच असतो मी.” बोलताना त्याने बोट कळफलकावरून काढलं नाही.

“देवजीच्या फाइलीबद्दल काय वाटतं?”

“मला काय वाटायचं, मॅडम. मेलेल्या माणसाचं मेलेल्यापाशी राहू द्यावं.” त्याच्या कपाळावर, त्या थंडगार खोलीत, घाम होता.

जाताना बाईंनी भागीरथीला विचारलं, “ही ओळ रोज येते? एकही दिवस चुकत नाही?”

भागीरथीने ड्रॉवरमधून कॅलेंडर काढलं. ज्या सकाळी अक्षरं आली त्या तारखेला तिने लाल टिंब दिलं होतं. रविवारी कचेरी बंद. बाकी सगळ्या वारांवर टिंब होतं, फक्त बुधवार कोरे. एकूण एक बुधवार.

“बुधवारी इथे कोण नसतं?”

भागीरथीने कारखानीसांच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “साहेब. बुधवारी ते फोर्टला जातात.”

३

दुपारी बाई घणसोलीला गेल्या. मॅनेजरवर बोट ठेवण्याआधी त्यांना पाहायचं होतं की एवढ्या खटाटोपात कोणाचं काय अडकलं आहे.

देवजीची आई शेवंताबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. साठीची, काटक. आगरी लग्नांत धवले गाणारी, म्हणजे धवलारीन. पंचक्रोशीत तिच्या गळ्याशिवाय हळद लागत नसे. ओटीच्या खुंटीला तिची लग्नात नेसायची हिरवी लुगडी घडी घालून टांगलेली होती, आणि घडीवर कोळ्याने जाळं धरलं होतं.

“पानी देऊ? का नको?” तिने विचारलं. “इचारलेलं बरं. हल्ली ह्या घरचं पानी कोनी पीत नाय.”

बाई तांब्या उचलून पाणी प्यायल्या. मग शेवंताबाई बोलली.

“दोन महिन्यात सात लग्नं झाली गावात. येकाबी हळदीला मना बोलावलं नाय. तिच्या पोरानं केलेल्या भोंग्यानं गावची दोन मानसं खाल्ली, तिच्या तोंडचा धवला नको, असं बोलतात. त्या गोटीरामच्या भैनीचं, जाईचं लगीन हाय येत्या पंधरवड्यात. मी तिला न्हाऊ घातलेली हाय. तिची भावजय, गोटीरामची बायको रखमा समोरून जाते आनि मान फिरवते.” तांदळातला खडा तिने बोटात धरून ठेवला. “बाय, मना पैसं नको, नुकसानी नको. माज्या देवजीनं मारली का मानसं, येवढं सांग. मारली असतील तर मी गळा मिटून घेते.”

“देवजी काय म्हणायचा कामाबद्दल?”

“मना काय कलतंय त्यातलं? येकदा हसत बोललेला, आये, हापिसात सगली येकमेकांची पुसतात. मी राखनदार बसवला हाय. जो जे देल तेच त्याला मिलंल. आनि दुसऱ्या दिशी राखनदार सगलं इसरून जातो.”

बाईंच्या मनात काहीतरी हललं, पण ते काय ते त्यांना लगेच कळलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर मिठागरं मागे सरकत होती. वाशीचा थांबा जवळ आला तेव्हा त्या एकदम ताठ बसल्या. उद्या सकाळी त्या मेलेल्या माणसाशी एक डाव खेळणार होत्या.

४

शुक्रवारी साडेआठला भागीरथीने यंत्र सुरू केलं तेव्हा बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पंखा घुमला, पडदा हिरवा झाला. काही क्षण काहीच नाही. मग कोणी कळफलकाला हात लावला नसताना एकेक अक्षर उमटत गेलं.

तू पुसला, मी लिवला.

भागीरथीने पदर तोंडाला लावला. बाईंच्या मानेवरही काटा आला, हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं. फाइल यादीत होती. त्यांनी ती उघडायला सांगितली तर यंत्राने नकार दिला. देवजीच्या परवलीच्या शब्दाशिवाय ती वाचता येत नव्हती.

“वाचता येत नाही, पण पुसता येते?”

“पुसता कोनालाबी येते. डिस्क सगल्यांची येकच, जागा थोडी. पयले आमी सगली येकमेकांच्या फाइली पुसायचो, आपल्याला जागा पाहिजे म्हनून. लई भांडनं. मग गेल्या गनपतीपासून कोन कोनाची पुसत नाय. सगली येकदम गुनी झाली.”

“का?”

भागीरथीने आधीच स्वच्छ असलेला पडदा पदराने पुसायला घेतला.

बाईंनी आपल्या नावाने एक छोटी फाइल तयार केली. त्यात घरच्या वाणसामानाची यादी लिहिली, डाळ, मीठ, साबण. मग आपल्याच नावाने देवजीची ‘गजर’ पुसून टाकली. भागीरथी किंचाळलीच. “बाय, काय केलंत! आता परत आली नाय तर?”

तर शेवंताबाईचा गळा कायमचा मिटेल, हे बाईंना माहीत होतं. त्या दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. त्या तिथेच बसून राहिल्या, कोण कसं वागतं ते पाहत. नऊनंतर मारोती आला, पडद्यासमोर बसला, काही शोधलं, पुन्हा शोधलं, आणि बुचकळ्यात पडल्यासारखा मागे रेलला. मग खालचा कागद उचलून कालचाच मजकूर पुन्हा पहिल्यापासून टंकायला लागला.

शनिवारी सकाळी पडद्यावर तीच ओळ उमटली. ‘गजर’ परत आली होती. बाईंनी आपली यादी उघडायला घेतली. डाळ, मीठ, साबण, सगळं नाहीसं झालं होतं.

ज्याने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, त्या माणसाने मरणानंतर अडीच महिन्यांनी त्यांना नेमकं ओळखलं होतं.

५

कारखानीस, भागीरथी आणि मारोती, तिघांना बाईंनी यंत्राच्या खोलीतच बसवलं. बारा वाजता डिस्क साफ होणार होती. घड्याळात सव्वादहा.

“भूत सापडलंय,” बाई म्हणाल्या. “ते देवजीचंच आहे, पण त्याने ते जिवंतपणी बसवलंय. यंत्र सकाळी सुरू होताना जी कामं आपोआप करतं, त्यात त्याने स्वतःचा एक राखणदार घातला. आदल्या कामाच्या दिवशी कोणी कोणाची फाइल पुसली ते तो बघतो. पुसलेली परत आणतो, आणि पुसणाऱ्याची एक फाइल उडवतो. एकदाच. मग कालचं सगळं विसरतो. तुम्ही गप्प, तर तोही गप्प. खेळांच्या गणितात याहून शहाणा डाव मला माहीत नाही. सुरुवात चांगुलपणाने करायची, समोरच्याने दिलं ते परत द्यायचं, आणि मनात काही धरायचं नाही. गणपतीपासून तुम्ही सगळे गुणी झालात ते यामुळे. पण कोणी बोललं नाही, कारण माझी फाइल गेली म्हणायचं तर मी कोणाची पुसली ते सांगावं लागलं असतं.”

भागीरथी खाली पाहत म्हणाली, “माजी दोनदा गेली.”

कारखानीसांनी टाय सैल केला. “माझी एकदा. मला वाटलं, यंत्र बिघडलं.”

मारोती दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

“ती ओळ मात्र आधी यायची नाही. ती देवजीने शेवटच्या सकाळी घातली, फक्त ‘गजर’साठी. कोणीतरी ती पुसेल अशी त्याला शंका आली होती. आता कोण पुसतंय? बुधवार कोरे म्हणून मी कारखानीसांवर संशय घेतला, माफ करा. पण राखणदाराचं उत्तर एक दिवस उशिरा येतं. शुक्रवारी मी पुसली, शनिवारी माझी गेली. मग बुधवारी उत्तर नाही याचा अर्थ मंगळवारी कोणी पुसलीच नाही.”

दर मंगळवारी कळंबोलीला कोण असतं, हे कोणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना मारोतीकडे वळल्या.

“तुझी फाइल रोज उडते आणि तू रोज तोच कागद पुन्हा टंकतोस,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “आणि तक्रार करत नाहीस. काल फक्त तुला पुसायला काही मिळालं नाही. आज आलास तेव्हा तुझी फाइल शाबूत होती. आज तू टंकत नाहीयेस. मला एकच कोडं पडलं होतं. या दोघांना राखणदाराचा कायदा माहीत होता, त्यांनी पुन्हा हात लावला नसता. तुला तो माहीतच नव्हता. म्हणजे राखणदार बसल्यापासून देवजी जाईपर्यंत तू एकदाही कोणाची फाइल पुसली नव्हतीस. या कचेरीतला तेवढा एकच माणूस.”

मारोती लहान पोरासारखा रडला.

“मला वाटलं देवजीच हाय. म्या पुसायचो, तो लिव्हायचा. माझं केलेलं सगळं उडवायचा. संध्याकाळी जाताना त्याच्या चपला दाराकडं तोंड करून ठेवायचो. म्हटलं, जा बाबा आता. सोड मला. सकाळी परत हायेच.”

“का पुसत होतास?”

“त्या दिवशी सकाळी त्यानं चूक धरली. मला बोलला, मारत्या, आकडा चुकीचा गेलाय, सही तुझी हाय. म्या त्याचे पाय धरले. एक दिस थांब, कुणाला सांगू नको, नोकरी जाईल. गावाकडं सगळे माझ्यावर हायेत. तो कायबी बोलला न्हाई. फाइलीत कायतरी लिव्हलं, बूट घातले आन् गेला. त्यात माझं नाव असणार. उघडून बघायची छाती झाली न्हाई. म्हणून…”

“तो सूड घेत नव्हता रे,” बाई म्हणाल्या. “ज्या मंगळवारी तू गप्प बसलास, त्या बुधवारी तोही गप्प बसला. तू थांबशील म्हणून रोज वाट बघत होता. परवलीचा शब्द तुला ठाऊक आहे. एकाच डब्यातून जेवणारे शब्द लपवत नाहीत. टाक.”

घड्याळात पावणेअकरा झाले. मारोतीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि टंकलं.

६

फाइल उघडली. प्रोग्रामच्या वर, जिथे लिहिणारा आपल्यासाठी टिपण ठेवतो, तिथे चार ओळी होत्या. बाईंनी मोठ्याने वाचल्या.

“कागदावर ८० लिवला होता. टंकताना ८०० पडला. आता ८० केला. फोन दोन दिवस बंद हाय. उद्यापर्यंत थांबायचं नाय, गावची मानसं आत असतात. मी सोता घेऊन जातो.”

तारीख त्याच दिवसाची. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

एक शून्य जास्त. वायू दसपट झाल्याशिवाय भोंगा वाजणार नव्हता. आणि देवजी ती चूक दुरुस्त करायला, हातात दुरुस्त प्रोग्रामची नवी टेप घेऊन, बसने निघाला होता.

मारोती पडद्याला नाक लावून पुन्हा पुन्हा वाचत होता. “माझं नाव न्हाई,” तो म्हणाला. “त्यानं लिव्हलंच न्हाई माझं नाव.”

भागीरथी भिंतीला टेकून खाली बसली होती. शून्य तिच्या बोटांचं होतं. “दोघं वाचनार होते ना,” ती पुटपुटली. “म्हनून मी परत बगितलंच नाय.”

“मारोती, सही करताना तू वाचलं होतंस?”

“न्हाई. साहेब वाचणारच, म्हटलं.”

कारखानीसांनी चष्मा काढला. “मारोतीने वाचलं असेल, असं मी धरून चाललो. दोन सह्या होत्या ना.”

दोन सह्या. बाईंनी हळूहळू मान वळवून भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. स. हिवराळे. हेच गणित त्यांनी औरंगाबादला फळ्यावर किती वेळा मांडलं होतं. एका वस्तीत आग लागली, बघणारा एक असेल तर तो धावतो. बघणारे दोन असले की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. पहारेकरी वाढवले म्हणून पहारा वाढत नाही. पोरांना हे शिकवून त्या मुंबईला आल्या, आणि तपासणारा एकच आहे तो धोका म्हणून दुसरा बसवला. एकटा देवजी वाचायचा तेव्हा प्रत्येक ओळीवर बोट असायचं. बाईंच्या नियमानंतर कोणाचंच नव्हतं.

रजिस्टर पाहून आपण समाधानाने पान उलटलं होतं, हे त्यांना आठवलं आणि स्वतःची शरम वाटली.

मग त्यांनी रिपोर्टचा कागद ओढला. बाराला दहा मिनिटं कमी असताना कारखानीस दबकत म्हणाले, “मॅडम, यात कोणाकोणाची नावं घालताय?”

“देवजीने कोणाचंच घातलं नाही. ज्याचं त्याने घालावं. मी माझं पहिलं घातलंय. खाली जागा आहे.”

दुसऱ्याने आधी उठावं म्हणून तिघेही थांबले होते, बदल एकेचाळीसच्या वेळी थांबले तसेच. मग मारोती उठला आणि त्याने पेन घेतलं. त्याच्यामागून भागीरथी. कारखानीसांची सही सगळ्यांत शेवटी झाली, पण सही करण्याआधी त्यांनी पूर्ण कागद पहिल्या शब्दापासून वाचला. डिस्क त्या दिवशी साफ झाली नाही.

रविवारी सकाळी बाई घणसोलीला गेल्या तेव्हा मारोती बरोबर होता. देवजीच्या चपला त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरल्या होत्या. शेवंताबाईच्या ओटीवर बाईंनी त्या चार ओळी वाचल्या, एवढ्या मोठ्याने की शेजारपाजारची माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. मग चूक कोणाकोणाची होती ते सांगितलं. स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यांत आधी सांगितलं. गर्दीत रखमा होती. ‘गावची मानसं आत असतात’ ही ओळ तिने पुन्हा वाचायला लावली.

मारोती ओटीखाली मातीत बसला. शेवंताबाईने त्याच्या हातातलं पुडकं उघडून चपला घेतल्या, उंबऱ्याशी नेल्या आणि घराकडे तोंड करून ठेवल्या.

लोक पांगले. बाई निघाल्या आणि अंगणाच्या टोकापर्यंत पोचल्या, तेवढ्यात मागून पावलं वाजली. रखमा परत आली होती. हातात नारळ होता. ती ओटीची पायरी चढली, आधी तांब्यातलं पाणी ओतून घेऊन प्यायली, आणि मग तिने नारळ शेवंताबाईसमोर ठेवला.

“आत्या, येत्या गुरवारी जाईची हलद हाय. धवला गायाला येल काढून ये.”

शेवंताबाई उठली, खुंटीवरची हिरवी लुगडी काढली आणि अंगणात नेऊन झटकली.